चाल उसनी चालेल, कान उसना नको

गेल्या डिसेंबरात एका कॉलेजच्या बॅण्ड-स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. तिघं परीक्षक, तिघांच्या पुढ्यात छापील तक्ता: वादन २०, गायन २०, रंगमंचावरचा वावर १०, आणि शेवटचा रकाना ‘ओरिजिनॅलिटी’, तोही १० गुणांचा. सातव्या नंबरला चार पोरं आली. गिटार, बास, ऑक्टोपॅड आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपमधून कारखान्याचा खडखडाट सुरू झाला, त्यावर खरवडल्यासारखी गिटार चढली, आणि गाणाऱ्या पोराने माइकला ओठ टेकवून आधी कुजबूज, मग एकदम किंकाळी अशी सुरुवात केली. शब्द मराठी होते, परळच्या एका गिरणीच्या बंद फाटकाबद्दलचे. माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपतं न संपतं तोच शेजारचे परीक्षक म्हणाले, “ही नाइन इंच नेल्सची झेरॉक्स आहे,” म्हणजे त्या अमेरिकन बॅण्डची नक्कल, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी २ लिहिले. मी ६ लिहिले.

निकाल लागेपर्यंत आम्ही कॅण्टीनमध्ये चहा घेत भांडलो. त्यांचं म्हणणं, आपल्या पोरांना दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय लागली आहे आणि परीक्षकांनी ती लाडाने पोसू नये. माझं म्हणणं, या संगीतात जो तो दुसऱ्याच्याच ताटात जेवून मोठा झालाय, मग याच चौघांना का झोडायचं? दोघंही हटलो नाही. पण तो चार गुणांचा फरक तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, आणि आज मला वाटतं की त्यांचे २ चुकीचे होते आणि माझे ६ त्याहून जास्त चुकीचे होते.

‘इंडस्ट्रियल’ संगीताचा हा प्रकार ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७६ साली लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटाने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ हे तिचं घोषवाक्य, आणि पुढे त्या सगळ्या संगीतालाच ते नाव चिकटलं. शेफिल्डमध्ये कॅबरे व्होल्तेर हा गट १९७३ पासूनच टेपचे तुकडे कापून-जोडून काम करत होता. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यावर लांबून कारखान्यातल्या घणांचे ठोके ऐकू यायचे, असं तिथल्या वादकांनी पुढे सांगितलं आहे. बर्लिनमध्ये १९८० साली आइन्स्टुर्झेंडे नॉयबाउटेन आले. नावाचा अर्थच ‘कोसळत्या नव्या इमारती’. त्यांनी ड्रमच्या जागी पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल मशिनं वाजवायला घेतली. मग अटलांटिकपलीकडे या आवाजाला रॉकची गिटार आणि नाचाचा ठेका मिळाला: शिकागोत मिनिस्ट्री, व्हॅन्कुव्हरमध्ये स्किनी पपी, आणि क्लीव्हलंडमध्ये ट्रेंट रेझ्नर नावाचा एकटा पोरगा. तो एका स्टुडिओत झाडलोटीपासून पडेल ते काम करायचा आणि स्टुडिओ रिकामा झाला की रात्री तिथेच स्वतःचं ध्वनिमुद्रण करायचा. त्याने आपल्या कामाला नाव दिलं नाइन इंच नेल्स. पहिला अल्बम आला १९८९ साली.

आता झेरॉक्सचं बोलू. त्याच साली आलेलं रेझ्नरचं पहिलंवहिलं सिंगल स्किनी पपीच्या एका गाण्यावरून उचललेलं होतं, आणि हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. १९९४ सालच्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातला तो धडधडणारा ठोका इगी पॉप या रॉक गायकाच्या १९७७ च्या रेकॉर्डवरून घेतलेला आहे. गॅरी न्यूमन या इंग्लिश गायकाच्या १९७९ च्या आसपासच्या सिंथेसायझरवरच्या रेकॉर्डांचं ऋण तो मोकळेपणाने मानतो; आणि पुढे न्यूमनचंच संगीत रेझ्नरच्या वळणावर गेलं. २००९ साली दोघं एका मंचावर उभे राहिले तेव्हा कोणी कोणाकडून घेतलं हे नुसत्या आवाजावरून सांगणं अवघड होतं. २००२ साली जॉनी कॅश या वृद्ध, आजारी कण्ट्री गायकाने रेझ्नरचं एक गाणं अगदी साध्या साथीवर म्हटलं, तेव्हा रेझ्नरचीच प्रतिक्रिया अशी होती की हे गाणं आता आपलं राहिलं नाही.

कॅण्टीनमध्ये मी हीच यादी वाचली होती. झेरॉक्स म्हणता, तर मूळ प्रत दाखवा, असा माझा आवेश. यादी खरी आहे, पण तिच्यावरून मी काढलेला निष्कर्ष आळशीपणाचा होता. ‘सगळेच उचलतात’ या वाक्याने चोराचंही समर्थन होतं आणि साधकाचंही. जे वाक्य दोघांच्याही सारखंच कामी येतं त्याने परीक्षा कशी घ्यायची?

मराठी माणसाला खरं तर हा प्रश्न नवा नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं तेव्हापासून आपल्या नाट्यपदांच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ छापलेली असे, अमक्या साकीची, तमक्या लावणीची, कुठल्या कानडी पदाची. कोणाचं घेतलं ते पदाच्या डोक्यावरच लिहिलेलं, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. आजही डबलबारीला बुवा सिनेमाच्या चालीवर गजर उचलतो, आणि चाल ओळखली की समोरची माणसं खूश होऊन टाळी देतात. आणि गणपतीत वाजतो तो बँजो? १९१२ साली जपानमध्ये, नागोया शहरात, तायशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मुंबईच्या गल्ल्यांत त्याला पिकअप लागला, अ‍ॅम्प्लिफायर लागला, शेजारी ऑक्टोपॅड येऊन बसला, आणि त्याला आपण नाव दिलं बँजो, जे मुळात तिसऱ्याच वाद्याचं. चिंचपोकळीला आगमनाच्या गर्दीत तो वाजू लागला की अंगात जे काही उसळतं ते आपलं असतं. नागोयाचं कोणी नाव काढत नाही, आणि काढलं तरी त्या उसळण्यात काही कमी होत नाही.

पण याहून खोल उदाहरण कुमार गंधर्वांचं आहे, आणि स्पर्धेनंतर मी पुन्हा पुन्हा त्याच्याशी येऊन थांबतो. लहान वयात ते ग्रामोफोनवर ऐकलेल्या मोठमोठ्या गवयांच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करत. लोक तोंडात बोट घालत. मग मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या देवधर मास्तरांच्या शाळेत ते वाढले, नाव झालं, आणि ऐन उमेदीत क्षयाने गाठलं. १९४८ साली ते देवासला गेले. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्यातली लोकगीतं ते ऐकत राहिले. पुन्हा गायला बसले तेव्हा राग तेच होते, बंदिशीचा साचा तोच होता, पण गाणं दुसऱ्या कोणाचं म्हणता येणार नाही असं झालं होतं. ती मधली वर्षं, गळा बंद आणि कान उघडा, मला फार महत्त्वाची वाटतात. नक्कल त्यांना तोवर उत्तम येत होती. जे आलं ते त्या ऐकण्यातून आलं.

‘ओरिजिनॅलिटी’ म्हणजे सर्वांत आधी करणं, असंही आपण धरून चालतो. त्याचा निकाल याच शहरात लागलेला आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार आणि की-बोर्ड वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी रोलॅण्ड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक संगीतयंत्रं घेतली, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड केली. यमन, मालकंस, तोडी, ललत. रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच टीबी-३०३ वर जे केलं त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार सुरू झाला आणि जगभर पसरला. शिकागोच्या पोरांना मुंबईच्या चरणजितजींचं नावही ठाऊक नव्हतं. २०१० साली ती रेकॉर्ड नव्याने निघाली तेव्हा परदेशातले लोक चक्रावले आणि ‘खरा जनक मुंबईचा’ म्हणून गाजावाजा झाला.

मला तो गाजावाजा कधीच पटला नाही. जनक वगैरे कशाला? त्या रेकॉर्डमध्ये ऐकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. टीबी-३०३ हे यंत्र बासगिटारची साथ देण्यासाठी बनवलं होतं आणि ते काम त्याला धड जमलं नाही. पण त्याच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आयुष्यभर गाणं ऐकलेल्या माणसाच्या हातात ते आलं आणि त्या घसरण्यात त्यांना मींड, म्हणजे रागदारीत सूर न तोडता ओढत नेणं, ऐकू आली. यंत्र जपानी, ठेका अमेरिकेतून आलेला, राग शेकडो वर्षांचे. यातलं त्यांचं स्वतःचं काय, असं विचाराल तर त्या घसरण्यात मींड ऐकणारा कान. पहिले असते, दहावे असते, तरी तो कान त्यांचाच राहिला असता. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईतच गेले.

१९८२ हे साल लिहिताना माझा हात थबकतो. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. माझे मामा त्यातले एक. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, १९६६ पासून. साचा म्हणजे माग. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि मामा पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. ज्या वर्षी या शहरातला सर्वांत मोठा यंत्राचा आवाज थांबला, त्याच वर्षी याच शहरात एक माणूस यंत्रातून राग काढत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

स्पर्धेनंतर दोनेक आठवड्यांनी त्या बॅण्डचा लॅपटॉपवाला पोरगा माझ्याकडे आला. बक्षीस नव्हतं मिळालं. सहा का दिले आणि दोन का मिळाले हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्या दिवशी मामा घरी होते. वय ७८, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, बोलतात ते अजून खात्यातल्यासारखं ओरडून. पोराने हौसेने विचारलं, “आजोबा, तुमच्या गिरणीवरचं गाणं आहे, ऐकता का?” आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. मामांनी डोळे मिटले. अर्धा मिनिट ऐकलं आणि हेडफोन काढला.

“हा साचा न्हाय.”

पोरगा गोंधळला. “मशीनच आहे ना, आजोबा?”

“मशीन आहे. पत्रा कापायची असंल नायतर दाबायची. ह्याच्यात धोटा कुठाय?”

धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. मी पोराला विचारलं, हा आवाज आणला कुठून? त्याने खरं सांगितलं. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या आवाजांच्या गठ्ठ्यातून. कुठला तरी परदेशातला कारखाना. पोरगा राहायला करी रोडला. बंद गिरणीच्या भिंतीपासून पाच मिनिटांवर.

तिथे मला माझे सहा गुण कळले. मी ते मराठी शब्दांना दिले होते, परळच्या फाटकाला दिले होते. आणि फाटकाच्या आत जे वाजत होतं ते कोणत्या देशातलं कोणतं मशीन होतं, देव जाणे. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी घाट ओळखून गुण कापले, जो घाट उसना घ्यायला काहीच हरकत नव्हती. आणि जिथे हरकत घ्यायला हवी होती तिथे मी गुण दिले.

मामा मात्र तोवर रंगात आले होते. त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन्ही तळवे ठेवले आणि वाजवायला लागले. आधी उजवा, मग डावा. “धोटा हिकडनं तिकडं गेला की एक आवाज. तिकडनं हिकडं आला की दुसरा. दोन सारखे आले तर साचा नवा समजायचा. जुन्या साच्याचा एक हात जड असतो.” त्यांचा उजवा हात जरा जोरात पडत होता आणि डावा किंचित उशिरा. एका मागावर धोटा मिनिटाला दीडदोनशे फेऱ्या मारायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये सूत घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका, त्यासाठी मामा करंगळीची कड आपटत होते. पोराने फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

मग मामांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही संगीतशाळेत ऐकायला मिळालं नसतं. “तुमचा बाजा एकच साचा वाजवतोय. खात्यात एक साचा कधी वाजतच न्हाय. चारशे वाजतात. आनि एकाचा पाय दुसऱ्याशी जुळत न्हाय, समदे थोडे थोडे मागंफुडं. आसं चालत चालत मधीच एकदा जुळायचे, दोन घटका, मग आख्खा खाता हलायचा, पायाखालची जमीन हलायची. पुन्हा सुटायचे.” आणि एवढ्या कल्लोळात आपला साचा कसा कळायचा? “आपला थांबला की कळायचा. सूत तुटलं की आवाजात भोक पडतं.”

या संगीताची नेहमीची घडण आहे ती काटेकोर रेघेवरची. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोका रेघेला चिकटवलेला असतो, सगळं एकाच घड्याळावर चालतं, आणि त्यालाच आपण ‘कारखान्यासारखं’ म्हणतो. शेफिल्डच्या घणाचं तसं असेलही. पण परळच्या साचेखात्याचं तसं नव्हतं, आणि हे कोणत्याही परदेशी रेकॉर्डवर सापडणार नाही. म्हणजे परळ नीट ऐकलं तर नुसता एक आवाज हाती लागत नाही, ताल कसा रचायचा याचाच वेगळा विचार हाती लागतो. वेगळेपणाच्या मागे धावावं लागत नाही. पंधरा मिनिटं एका म्हाताऱ्या माणसासमोर बसावं लागतं.

इथे एक हरकत येईल, आणि ती रास्त आहे. ‘आपल्या शहराचा आवाज’ म्हटलं की लोक काय करतात हे आपण पाहतोच. मध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ घालायचं, भेळवाल्याची हाक घालायची, समुद्राची गाज, एक ढोल. झाली मुंबई. ही तर पर्यटन खात्याच्या जाहिरातीतली मुंबई झाली, आणि तिचा कानही उसनाच, फक्त तो जाहिरातवाल्याकडून आणलेला. ढोल चिकटवल्याने गाणं मुंबईचं होत नाही, जसं फाटकाबद्दलच्या शब्दांनी ते परळचं झालं नाही. जो आवाज काढून टाकला तर गाणं कोसळतं, तोच त्या गाण्याचा.

१९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफरने बातिन्योल स्टेशनावर आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांच्यापासून एक रचना केली. १९७७ साली क्राफ्टवेर्क या जर्मन गटाने युरोपभर धावणाऱ्या गाडीचा ठेका सिंथेसायझरवर धरला. आणि ज्या शहराचं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर चालतं तिथे? २००७ साली सीमेन्सच्या नव्या गाड्या आल्या तेव्हा सुटताना येणारा तो पायरीपायरीने चढत जाणारा सूर पहिल्यांदा ऐकला, त्याची मला अजून आठवण आहे. जुन्या डीसी, म्हणजे एकदिश विजेवर चालणाऱ्या, गाड्यांच्या मोटारीचा घोगरा, पोटातून आल्यासारखा आवाज त्याच्याशेजारी आणखी म्हातारा वाटायचा. २०१६ साली हार्बरवरची शेवटची डीसी लोकल थांबली आणि तो आवाज गेला. रेल्वेवेड्या हौशी मंडळींनी फोनवर टिपला तेवढाच उरला. बॅण्डमधल्या पोरांना हे सुचलं नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही. आपणच त्यांना कधी सांगितलं नाही की हे ऐकण्याजोगं आहे.

उलट आपण त्यांना भलतंच शिकवलं. मी तरुण होतो तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला जायचो. १९८६ साली सुरू झालेला तो महोत्सव. स्टेजवरच्या बॅण्डने स्वतःचं गाणं सुरू केलं की गर्दीतून ओरडा व्हायचा, परदेशी बॅण्डचं वाजवा! आम्हीच ओरडायचो. पेंटाग्राम या बॅण्डसारखी मंडळी त्या काळातून वर आली, गिटारला इलेक्ट्रॉनिक ठेके जोडून स्वतःची गाणी वाजवत राहिली, हे केवढं धाडस होतं ते तिथे उभ्या असलेल्यालाच कळेल. मग २००७ साली लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्ल्यू फ्रॉग हे गाण्याबजावण्याचं ठिकाण आलं, आणि तिथे मी उत्तम ध्वनियोजनेवर उत्तम बॅण्ड ऐकले. गिरणीच्या आवारात उभं राहून दुसऱ्या गावच्या कारखान्याचा आवाज ऐकतोय, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. तेही २०१६ मध्ये बंद झालं. काल हुबेहूब वाजवलं नाही म्हणून हुर्यो करणारे आपण, आज हुबेहूब वाजवलं म्हणून दोन गुण देतो.

कायद्याकडून या प्रश्नाचं उत्तर मिळेल अशी आशा काही मित्रांना आहे. मला ती नाही. क्राफ्टवेर्कच्या १९७७ च्या एका तुकड्यातले दोन सेकंद एका जर्मन निर्मात्याने १९९७ सालच्या रॅप गाण्यात वापरले. त्या दोन सेकंदांचा खटला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत आणि युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला आणि वीस वर्षांहून जास्त चालला. दुसरीकडे, रेझ्नर आणि त्याचा साथीदार अ‍ॅटिकस रॉस यांच्या २००८ च्या एका शब्दांविना रचनेतला तारेचा तुकडा नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या पोराने उचलला, त्यावर ठेका बांधला, अमेरिकन रॅपर लिल नॅस एक्सने तो ३० डॉलरला विकत घेतला, आणि २०१९ साली ते गाणं अमेरिकेच्या यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गीतकार-संगीतकारांच्या नावांत रेझ्नर आणि रॉस यांचीही नावं लागली. हे मला आपल्या पदांवर छापलेल्या ‘चाल’सारखंच वाटतं, आणि तेवढं प्रत्येकाने केलंच पाहिजे: घेतलं तर सांगा. पण कायद्याला सेकंद मोजता येतात. करी रोडच्या पोराने परदेशातलं मशीन का ऐकलं आणि शेजारचं का ऐकलं नाही, हे कोणत्या कलमात बसवणार?

ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतःबद्दल म्हटलं आहे, ‘व्यासाचा मागोवा घेतु, भाष्यकारांतें वाट पुसतु’. कोणाच्या मागे चाललो, कोणाला वाट विचारली, दोन्ही उघड सांगितलं. आणि चालले ते मराठीच्या वाटेने, जिथे व्यासांचं पाऊल पडलेलं नव्हतं. तेराव्या शतकापासून ज्या भाषेला ही रीत माहीत आहे तिच्यात बॅण्डच्या पोरांवर ‘झेरॉक्स’ एवढा एकच शब्द फेकून मोकळं होणं मला कमीपणाचं वाटतं.

म्हणून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली त्या कॉलेजकडे आणि अशा सगळ्या स्पर्धा भरवणाऱ्यांकडे. तक्त्यातला तो रकाना काढा. त्याऐवजी पोरांना स्टेजवर दोन मिनिटं द्या आणि विचारा, हे कोणाकडून घेतलंत, आणि यात तुम्ही स्वतः ऐकलेलं काय आहे? पहिल्या प्रश्नाला न लाजता उत्तर देणाऱ्याला पूर्ण गुण द्या. दुसऱ्या प्रश्नावर स्पर्धा लावा.

दुसरी मागणी शहराकडे आहे, आणि ती जास्त निकडीची आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत कापड गिरण्यांचं संग्रहालय करण्याची योजना बरीच वर्षं चालू आहे. तिथे काचेआड मुका साचा ठेवू नका. चालू साचे ठेवा, एक नाही, निदान आठ-दहा, म्हणजे ते मागेपुढे चालतील आणि मधूनच जुळतील. साचेखात्यात, सूत कातण्याच्या त्रासनखात्यात उभी राहिलेली माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचं काम काही लोकांनी मनापासून केलं आहे. पण त्यांचे हात टेबलावर वाजवून घेतलेत का कोणी? भोंग्याचा सूर त्यांच्याकडून गाऊन घेतलात का? प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा होता आणि मामांना झोपेतही आपला ओळखू यायचा. ही माणसं गेली की हे सगळं गेलं, मग उद्याच्या पोराने परदेशी कारखाना डाउनलोड केला तर त्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

तो पोरगा मार्चमध्ये पुन्हा आला, या वेळी सोबत तिघंही होते. मध्यंतरी ते भिवंडीला जाऊन आले होते, एका यंत्रमागाच्या शेडमध्ये. मालकाने तासभर उभं राहू दिलं. गाण्याचे शब्द तेच, गिटार तशीच खरवडलेली, कुजबूज आणि किंकाळी अजूनही सरळ रेझ्नरची. पण खालचा ठेका बदलला होता. चार-पाच मागांचे तुकडे, प्रत्येकाची लांबी थोडी वेगळी, रेघेवरून सोडलेले, एकमेकांच्या मागेपुढे सरकणारे. त्यांच्या तळाशी मामांचे टेबलावरचे तळवे. दुसऱ्या कडव्यानंतर सगळे तुकडे क्षणभर एकत्र येतात, माझ्या छोट्या स्पीकरवरसुद्धा खिडकीची काच थरथरली, आणि पुन्हा सुटतात.

मामांना हेडफोन दिला. या वेळी त्यांनी तो काढला नाही. शेवटाकडे पोरांनी एक माग मध्येच बंद केला होता, नुसता एक तुकडा गाळला होता, बाकी सगळं चालू. मला तो बदल पहिल्या ऐकण्यात कळलाही नव्हता. मामांचा उजवा हात टेबलावरून उठला, पुढे झाला, आणि हवेत काहीतरी पकडून खाली ओढलं.

“सूत तुटलं,” ते ओरडून म्हणाले.